उरलेल्या गर्भांचा हिशोब



टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास आपण जन्मांचा इतिहास म्हणूनच ऐकत आलो. जगातलं पहिलं मूल कुठलं, भारतातलं पहिलं कुठलं, मुंबईत कधी झालं, कोणत्या डॉक्टरांनी केलं. पेढे वाटले गेले, वर्तमानपत्रात फोटो आले. या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. काचेच्या बशीत जे गर्भ तयार झाले पण कुठल्याच आईच्या कुशीत पोचले नाहीत, त्यांची. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. खतावणीची एकच बाजू वाचून ताळेबंद जुळत नाही हे मला फार लवकर शिकवलं गेलं. म्हणून आज ही दुसरी बाजू वाचू या.

सुरुवात १९७८ सालापासून करावी लागते. त्या वर्षी २५ जुलैला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावच्या रुग्णालयात लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो, शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी ही नर्स, अशी तिघांची ही कित्येक वर्षांची मेहनत. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं तेव्हा बाकीचे दोघे हयात नव्हते. आपल्या विषयाच्या दृष्टीनं या जन्मातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. औषधं देऊन एकाच वेळी पुष्कळ स्त्रीबीजं पिकवायची हा मार्ग या तिघांनी आधी वापरून पाहिला होता, पण त्यातून मूल काही जन्मलं नाही. लुईसच्या वेळी त्यांनी औषधं बाजूला ठेवली आणि त्या महिन्यात निसर्गानं पिकवलेलं एकच बीज घेतलं. एक बीज, एक गर्भ, एक मुलगी. शिल्लक शून्य.

त्यानंतर सत्तरच दिवसांत, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांच्या साथीनं हे काम केलं होतं. त्यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी औषधं देऊन एकापेक्षा जास्त बीजं मिळवली, गर्भ तयार करून ते गोठवले, आणि पुढच्या एका पाळीच्या चक्रात, शरीर औषधांच्या परिणामातून मोकळं झाल्यावर, आईच्या गर्भाशयात सोडले. सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीचा विश्वास बसला नाही. परदेशात जाऊन आपलं काम मांडायची परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली आणि त्याच जूनमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आपल्या मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे यश. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून वर्षानुवर्षं हर्षाचंच नाव घेतलं जाई. पुढे १९९७ साली आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची कागदपत्रं आली. ती वाचून त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा आहे. स्वतःच्या नावावर जमा झालेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात वळती करणारा माणूस विरळाच. ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा.

आज गावोगावी जी आयव्हीएफ केंद्रं आहेत, तिथली रीत ओल्डहॅमपेक्षा कोलकात्याच्या अधिक जवळची आहे. आठ-दहा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढायची, जमतील तितके गर्भ तयार करायचे, एक किंवा दोन गर्भाशयात सोडायचे आणि उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायचे. यात डॉक्टरांची लबाडी नाही. बीज काढणं त्रासाचं आहे, खर्चाचं आहे, आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. प्रत्येक वेळी मुलीला सगळ्या इंजेक्शनांतून नेण्यापेक्षा साठा करून ठेवलेला बरा, हा विचार दयेपोटीच आला. पण साठा म्हटला की शिल्लक आली, आणि शिल्लक आली की तिचं काय करायचं हा प्रश्न आला.

हा प्रश्न जगासमोर पहिल्यांदा ठळकपणे आला तो ऑस्ट्रेलियात. अमेरिकेत राहणाऱ्या रियोस दांपत्याचे दोन गर्भ १९८१ साली मेलबर्नमध्ये गोठवले होते. १९८३ साली विमान अपघातात पतिपत्नी दोघंही गेले. मागे संपत्ती होती आणि नळीत दोन गर्भ होते. लोकांनी विचारायला सुरुवात केली, हे वारस का? यांना जन्माचा हक्क आहे का? तज्ज्ञ समितीचं मत पडलं की ते राहू देऊ नयेत. व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळातल्या वरिष्ठ सभागृहानं मात्र १९८४ साली उलट भूमिका घेतली, की दुसऱ्या कुणा स्त्रीच्या गर्भाशयात त्यांना संधी द्यावी.

ब्रिटननं याच सुमारास मेरी वॉर्नॉक या विदुषींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीनं एक रेघ आखली. प्रयोगशाळेत गर्भ १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, कारण त्यानंतर शरीराच्या घडणीची पहिली खूण उमटते. १९९० साली त्यावर आधारित कायदा झाला आणि गोठवलेले गर्भ पाच वर्षंच ठेवावेत असं ठरलं. मुदत वाढवायला जोडप्याची लेखी संमती हवी होती. १९९६ च्या जुलैअखेर पहिली मुदत संपली. कित्येक जोडप्यांनी घरं बदललेली, कुणाचा घटस्फोट झालेला, पत्रांना उत्तर नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे ३,३०० गर्भ बाहेर काढून नष्ट करण्यात आले. मुख्य कारण काय, तर पत्राला उत्तर आलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त बोचतं ते हेच.

अमेरिकेत टेनेसी राज्यात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याचे सात गर्भ गोठवलेले होते. खालच्या न्यायालयानं त्यांना मुलं मानून ताबा आईकडे दिला. १९९२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल मान्य केला नाही आणि म्हटलं की गोठवलेला गर्भ ही पूर्ण व्यक्तीही नाही आणि वस्तूही नाही, त्याला विशेष आदरानं वागवलं पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात गोठवलेल्या गर्भांना थेट मूल म्हटलं. तिथली काही केंद्रं घाबरून बंद पडली, आणि महिन्याभरात विधिमंडळाला केंद्रांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

इटलीचा अनुभवही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००४ च्या कायद्यानं तिथे एका वेळी तीनच गर्भ तयार करायची मुभा होती, आणि तीनही एकदमच गर्भाशयात सोडायचे, गोठवायचे नाहीत. ऐकायला आपल्याला बरं वाटतं. पण तरुण मुलीला त्यामुळे जुळ्या-तिळ्यांचा धोका आणि वयानं मोठ्या स्त्रीला पुन्हा पुन्हा तीच इंजेक्शनं. २००९ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं स्त्रीच्या आरोग्याचं कारण देऊन तीनची सक्ती काढून टाकली. अहिंसेचा विचार करताना आईलाही जीव आहे हे विसरून चालत नाही.

धर्मांनी काय म्हटलं? कैरोच्या अल-अझहरनं १९८० मध्येच फतवा दिला की पतिपत्नींच्या स्वतःच्या बीजांपासून मूल होत असेल तर हरकत नाही, तिसऱ्याचं बीज नको. कॅथलिक चर्चनं १९८७ साली ही सगळी पद्धतच नाकारली. आपल्याकडे सर्वांना बांधील असं एकच आज्ञापत्र काढणारी गादी नाही. त्यामुळे आपल्याला शास्त्राची मांडणी समोर ठेवून स्वतःच विचार करावा लागतो.

या विषयावर बोलताना कुणीतरी हटकून हरिणैगमेषी देवाची गोष्ट काढतं. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन होतं. त्यात भगवान महावीरांचा गर्भ ८२ दिवसांनंतर देवानंदेच्या कुशीतून त्रिशलामातेच्या कुशीत नेल्याचं वर्णन आहे. आम्हा दिगंबरांना हे गर्भापहरण मान्य नाही, पण माझ्या श्वेतांबर मैत्रिणींबरोबर मी ते आदरानं ऐकलं आहे. त्यावरून आपल्याकडे तेव्हाच आयव्हीएफ होतं असं म्हणणं मला पटत नाही. ते देवाचं कार्य, हे प्रयोगशाळेचं. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गर्भ नेताना त्याला पीडा झाली नाही, हे सूत्रकारांनी आवर्जून सांगितलं आहे. कसोटी तिथे ठेवली आहे.

देवकीची कथा तर दोन्ही परंपरांत आहे. तिचे सहा पुत्र देवानं भद्दिलपूरच्या एका सेठाणीकडे नेऊन ठेवले आणि त्या सेठाणीची मृत बाळं देवकीपाशी आणली. श्वेतांबर तिला सुलसा म्हणतात, जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणात ती अलका आहे. ते सहाही मोठे होऊन मुनी झाले आणि आहारासाठी देवकीच्या दारी आले, तेव्हा ओळख नसताना तिचं वात्सल्य उचंबळून आलं. जन्म देणारी कोण आणि वाढवणारी कोण, यात कुणालाच कमी लेखलेलं नाही. म्हणजे मूल कुणाचं, या प्रश्नापुढे आपण अगदीच रिकाम्या हातानं उभ्या नाही.

उरलेल्यांसाठी मात्र कुठली कथा नाही. तिथे तत्त्वाकडेच जावं लागतं. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जन्माचे तीन प्रकार सांगितले आहेत, संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. मनुष्यगतीत आईबापांच्या बीजांपासून होणारा तो गर्भजन्म. जीव एक देह सोडून दुसऱ्या देहाच्या ठिकाणी पोचतो त्याला काही थोडे समयच लागतात, आणि पोचल्याबरोबर तो नव्या शरीराचं बांधकाम सुरू करतो. या हिशोबात वॉर्नॉक समितीच्या १४ दिवसांना जागा नाही. बीज फळलं आणि पेशी वाढू लागल्या की तिथे जीव आला, तोही मनुष्यगतीचा. मग तो कुशीत असो की बशीत. गोठवल्यावर वाढ थांबते, पण वितळवल्यावर तोच गर्भ पुढे वाढून मूल होतं, म्हणजे जीव गेलेला नव्हता असंच मानावं लागेल. भगवतीसूत्रात तर मनुष्यगर्भ कुशीत जास्तीत जास्त १२ वर्षं राहू शकतो असंही सांगितलं आहे. वाढ थांबून जीव टिकण्याची कल्पना आपल्या पूर्वसूरींना अगदीच परकी नव्हती.

आता आपल्या देशाचा कायदा. भारतात पुष्कळ वर्षं आय.सी.एम.आर.ची २००५ सालची मार्गदर्शक तत्त्वंच होती, कायदा नव्हता. २००८ मध्ये गुजरातेत आणंदला सरोगसीनं जन्मलेल्या एका जपानी मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जन्माआधीच तिच्या पालकांचा घटस्फोट झाला होता आणि तिला न्यायला आजी आली होती. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. तरी कायदा व्हायला २०२१ साल उजाडलं. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आणि सरोगसी कायदा असे दोन कायदे जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

पहिल्या कायद्यानं मूल कुणाचं हे नीट सांगितलं आहे. उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच ते मूल, बीज देणाऱ्याचा त्यावर हक्क नाही. उपचारासाठी स्त्रीचं वय ५० पर्यंत आणि पुरुषाचं ५५ पर्यंत. बीज देणारी स्त्री आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. मुलगा की मुलगी हे निवडायला सक्त मनाई. पण जोडप्याच्या स्वतःच्या बीजांपासून एकूण किती गर्भ तयार करावेत याची मर्यादा त्यात नाही. गोठवलेला गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. त्यानंतर दोनच वाटा लिहिल्या आहेत. त्याला नष्ट होऊ द्यायचं, किंवा जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचं. कायदा लागू झाला २०२२ साली. त्या सुमारास गोठवलेल्यांची दहा वर्षं २०३२ च्या आसपास भरतील. ब्रिटनमध्ये १९९६ साली जे झालं, ते आपल्या दारात यायला आता फार वर्षं राहिलेली नाहीत.

गेल्या चातुर्मासात स्वाध्याय संपल्यावर आमच्यातलीच एक सून माझ्याजवळ येऊन बसली. तिला आयव्हीएफनं जुळी झाली, आता शाळेत जातात. केंद्राकडून दरवर्षी गोठवणीच्या शुल्काचं पत्र येतं. चार गर्भ शिल्लक आहेत. नवरा म्हणतो, आता पैसे भरायचं थांबवू. ती मला म्हणाली, "काकू, पैसे भरले नाहीत तर मी काय केलं म्हणायचं? आणि भरत राहिले तर काय केलं म्हणायचं?"

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, वर्षाअखेरचा शिल्लक माल खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांत जे कमी असेल त्या किमतीला धरावा. त्या चौघांना कुठल्या किमतीला धरायचं? मी तिला निकाल दिला नाही, तो माझा अधिकारच नाही. एवढंच म्हटलं की, नुसते पैसे थांबवून पत्राला उत्तर न देणं, हे करू नकोस. नवऱ्याला घेऊन बस, तिसऱ्या बाळंतपणाचा विचार होतोय का ते डॉक्टरांना विचार, महाराजांशी बोल, आणि जे ठरेल ते शुद्धीत ठरव. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलं आहे. बेफिकिरीनं प्राण जाणं, ती हिंसा. उत्तर न दिलेलं पत्र हा प्रमादच.

खरं सांगायचं तर तिचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचायलाच नको होता. तो पहिल्या दिवशी, सहीच्या टेबलावर विचारला जायला हवा होता. म्हणून ज्यांच्या घरात सुना-मुली या उपचाराच्या वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. गर्भ गोठवण्याआधी लेखी संमती आणि स्पष्ट सूचना घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. जोडप्यापैकी कुणाचं बरंवाईट झालं तर गर्भांचं काय करायचं, हेही त्यात लिहावं लागतं. तो कागद औषधाच्या बिलासारखा घाईत सही करून देऊ नका. घरी आणा, वाचा. डॉक्टरांना विचारा, किती बीजं फळवणार आहात? सगळीच फळवायला हवीत का? काही बीजं न फळवता तशीच गोठवता येतील का? २०१२ पासून बीज गोठवणं हे प्रयोगाच्या पातळीवरचं राहिलेलं नाही, अनेक ठिकाणी होतं. गर्भ गोठवणं आणि न फळलेलं बीज गोठवणं यात आपल्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. यशाची शक्यता किती कमी होईल, खर्च किती वाढेल, हेही स्पष्ट विचारा, आणि वय, प्रकृती पाहून आकडा ठरवा. पस्तिशीपुढच्या मुलीचा आकडा वेगळा येईल, तिला त्यावरून कुणी बोल लावू नये.

आणखी एक. ज्यांना या वाटेनं जायचंच नाही, त्यांना जा म्हणून ढकलू नका. मुलाशिवाय गती नाही, पिंड कोण देणार, ही आपली श्रद्धाच नाही. आपल्याकडे प्रत्येक जीव आपल्या कर्मानं आणि पुरुषार्थानं तरतो. म्हणूनच १८७८ साली, लुईस ब्राउनच्या बरोबर शंभर वर्षं आधी, प्रिव्ही कौन्सिलनं मान्य केलं की जैन विधवा पतीच्या परवानगीशिवायही दत्तक घेऊ शकते, कारण जैनांतलं दत्तक धार्मिक विधीसाठी नसतं. १९५६ चा दत्तक कायदा आज आपल्यालाही लागू आहे. एवढी मोकळी परंपरा असताना लग्नाला दोन वर्षं झाली की "काही बातमी?" विचारणाऱ्या आपणच असतो. अनेक सुना त्या एका प्रश्नाच्या धाकानं केंद्राची पायरी चढतात, आणि धाकात असलेलं माणूस कागद वाचत नाही.

श्रावकाच्या व्रतांत आपण परिमाण करतो. इतकी वस्त्रं, इतकी भांडी, इतकं सोनं, याच्यापुढे नाही. गर्भ ही मालकीची वस्तू नाही, तरी ती सवय इथे कामाची आहे. विनाकारण होणाऱ्या हिंसेला आपण अनर्थदंड म्हणतो, आणि गरजेपेक्षा जास्त तयार केलेले गर्भ त्याच्या फार जवळ जातात. सरकारनं आकडा घातलेला नाही, तर तो आपण घालू शकतो. सुरुवातीलाच, नवरा-बायकोनं मिळून, डॉक्टरांच्या समोर, कागदावर. सासूबाईंनी त्या दिवशी सोबत जावं आणि बाहेरच्या बाकावर बसून णमोकार म्हणावा. आकडा विचारायचं काम तिचं तिला करू द्यावं.

जय जिनेंद्र.